आलेखावरची कल-रेषा : महाराष्ट्राच्या सात जनगणना आणि गूगल चार्ट्सची ट्रेंडलाइन

आलेखावर ठिपके मांडून झाले की त्यांच्यामधून एक रेषा ओढून एकंदर कल दाखवावा, असे कोणालाही वाटते. गूगल चार्ट्स या, वेबपानावर आलेख काढून देणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) त्यासाठी जेमतेम एक ओळ लिहावी लागते, आणि नेमक्या याच सोयीमुळे ती ओळ पुरेसा विचार न करता लिहिली जाते. या लेखात ती रेषा पहिल्यापासून कशी बसवावी, तिचे पर्याय कोणते, कोणता पर्याय कुठे फसवतो आणि काढलेली रेषा विश्वासाला पात्र आहे की नाही हे कसे तपासावे, हे एकाच उदाहरणावर सविस्तर पाहू.

उदाहरण म्हणून महाराष्ट्राची लोकसंख्या घेतली आहे. राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले असले, तरी त्याआधीच्या जनगणनांचे आकडे आजच्या सीमांनुसार जुळवून उपलब्ध आहेत. कोटींमध्ये, दोन दशांशांपर्यंत, ते असे आहेत: १९५१ मध्ये ३.२०, १९६१ मध्ये ३.९६, १९७१ मध्ये ५.०४, १९८१ मध्ये ६.२८, १९९१ मध्ये ७.८९, २००१ मध्ये ९.६९ आणि २०११ मध्ये ११.२४. केवळ सातच आकडे घेण्यामागे हेतू आहे. सात आकड्यांचे गणित कागदावर किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये पडताळता येते, आणि लायब्ररीने दिलेले उत्तर स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय ते लोकांपुढे ठेवू नये असे माझे ठाम मत आहे.

लेखात पर्यायांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून लिहावयाची आहेत. अक्षराचा लहान-मोठेपणा चुकला तर लायब्ररी कोणतीही तक्रार न करता तो पर्याय सोडून देते. त्यामुळे एखादा बदल आलेखावर दिसत नसेल, तर सर्वांत आधी त्याचे स्पेलिंग तपासावे.

पानाची तयारी

पानाच्या शीर्षभागात गूगलची लोडर फाइल जोडावी आणि तिच्याकडून 'कोअरचार्ट' हे पॅकेज मागवावे. पॅकेज उतरून झाल्यावरच आलेख काढणारे फंक्शन चालले पाहिजे, म्हणून त्या फंक्शनचे नाव 'सेट-ऑन-लोड-कॉलबॅक'ला द्यावे. ही लायब्ररी उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यास गूगलच्या अटींनुसार परवानगी नाही. त्यामुळे इंटरनेट नसलेल्या ठिकाणी सादरीकरण करावयाचे असेल, तर आलेखाचे चित्र आधीच काढून ठेवावे. शीर्षके मराठीत असणार असल्याने पानाचे कॅरेक्टर एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याची खात्री करावी, अन्यथा अक्षरांच्या जागी चौकोन किंवा निरर्थक चिन्हे उमटतात.

आलेखाचा प्रकार 'स्कॅटर चार्ट' ठेवावा. रेषा-आलेख, स्तंभालेख आणि आडवा पट्टी-आलेख यांवरही कल-रेषा काढता येते. तथापि स्कॅटरमध्ये ठिपके सुटे राहतात आणि त्यांच्यामधून जाणारी एकमेव रेषा ही कल-रेषाच असते, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होत नाही. रेषा-आलेखात ठिपके जोडणारी रेषा आणि कल-रेषा अशा दोन रेषा एकमेकींना चिकटून धावतात. त्यातच कोणी 'कर्व्हटाइप' हा पर्याय लावून जोडरेषा गुळगुळीत केली, तर ती वळणदार रेषा म्हणजेच कल, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती फक्त ठिपक्यांमधून फिरवलेली असते आणि तिच्यात कोणतेही अनुमान नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गूगल चार्ट्समध्ये जुने 'क्लासिक' आणि नवे 'मटेरियल' असे दोन प्रकारचे आलेख आहेत, आणि मटेरियल आलेखांवर कल-रेषा चालत नाही.

वर्षाचा स्तंभ : निम्म्या अडचणी इथेच

माहिती-तक्त्याचा पहिला स्तंभ आडव्या अक्षाचा असतो आणि तो अंकाच्या किंवा तारखेच्या प्रकाराचा असला पाहिजे. वर्ष अवतरणचिन्हांत लिहिले की लायब्ररी त्याला शब्द समजते, अक्ष सलग न राहता सुट्या कप्प्यांचा होतो आणि कल-रेषा उमटत नाही. हे समजण्याआधी मी एकदा एक संपूर्ण संध्याकाळ रेषेचे पर्याय बदलण्यात घालवली होती. रेषेत काहीच चूक नव्हती, सातही वर्षांभोवती अवतरणे तेवढी होती. ज्या तक्त्यातील माहिती दुसरीकडून, विशेषतः कॉपी करून आणलेल्या फाइलमधून येते, तिथे ही चूक हमखास होते. म्हणून स्तंभाचा प्रकार लायब्ररीने ओळखावा अशी अपेक्षा न ठेवता तो स्वतः जाहीर करावा.

वर्षे साधे अंक म्हणून दिली की दुसरी अडचण समोर येते. अक्षावर १९५१ ऐवजी १,९५१ असे, हजाराच्या स्वल्पविरामासह, छापले जाते. आडव्या अक्षाच्या 'फॉरमॅट' पर्यायात केवळ शून्याचा नमुना दिला की स्वल्पविराम जातो. मात्र मी याहून वेगळा मार्ग सुचवतो, आणि त्याचे कारण पुढे समीकरणाच्या भागात स्पष्ट होईल. वर्षाऐवजी '१९५१ पासून उलटलेली वर्षे' हा स्तंभ घ्यावा: ०, १०, २०, ३०, ४०, ५०, ६०. मग आडव्या अक्षाच्या 'टिक्स' पर्यायात प्रत्येक खुणेची किंमत आणि तिथे छापावयाचा मजकूर अशी जोडी द्यावी. शून्यापाशी '१९५१', दहापाशी '१९६१', असे. मजकूर आपण देत असल्यामुळे अंक थेट देवनागरीत छापता येतात आणि मराठी पानावर आलेख परका वाटत नाही.

तारीख हा प्रकार वापरण्याचा मोह होतो, कारण जनगणनेचा संदर्भ-दिनांक ठरलेला असतो. २०११ च्या जनगणनेसाठी तो १ मार्च होता. परंतु तारखा आतमध्ये मिलिसेकंदांत मोजल्या जातात. आपल्या उदाहरणात रेषेचा उतार वर्षाला ०.१३७ कोटी आहे. तोच मिलिसेकंदाला मोजला तर दशांशचिन्हानंतर अकरा शून्ये येऊन मग पहिला अंक येतो. असे समीकरण वाचकाच्या कोणत्याच उपयोगाचे नाही. दररोजच्या किंवा तासागणिक नोंदींसाठी तारखेचा अक्ष योग्य ठरतो, पण समीकरण दाखवावयाचे असल्यास तो टाळावा.

उभ्या अक्षासाठी लोकसंख्या पूर्ण आकड्यात, म्हणजे ११,२३,७४,३३३ अशी न देता कोटींमध्ये द्यावी आणि अक्षाच्या शीर्षकात 'कोटी' असे स्पष्ट लिहावे. एखाद्या वर्षाची नोंद नसेल तर तिथे शून्य लिहू नये, 'नल' ही रिकामी नोंद द्यावी. शून्य हा लायब्ररीच्या दृष्टीने खरा ठिपका असतो आणि तो संपूर्ण रेषा खाली ओढतो.

पहिली रेषा

पर्यायांच्या यादीत 'ट्रेंडलाइन्स' या नावाने एक कंस उघडावा आणि त्यात मालिकेचा (म्हणजे तक्त्यातील आकड्यांच्या स्तंभाचा) क्रमांक देऊन त्यापुढे रिकामा कंस ठेवावा. मालिकांची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे पहिल्या मालिकेचा क्रमांक शून्य असतो. एक लिहिल्यास आणि दुसरी मालिका नसल्यास काहीच दिसणार नाही. रिकाम्या कंसाचा अर्थ सर्व पर्याय मूळ किमतीला ठेवावेत असा होतो, आणि मूळ प्रकार सरळ रेषेचा आहे.

ही सरळ रेषा लघुतम वर्ग पद्धतीने काढली जाते. प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचे उभे अंतर घ्यावयाचे, त्याचा वर्ग करावयाचा आणि या वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत कमी येते ती रेषा निवडावयाची. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने ही पद्धत १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. वर्ग केल्यामुळे दूरच्या ठिपक्याचे वजन फार वाढते, हे लक्षात असू द्यावे. एक चुकीची नोंद, उदाहरणार्थ ९.६९ ऐवजी ९६.९, संपूर्ण रेषेची दिशा बदलू शकते.

आपल्या आकड्यांसाठी रेषेचा उतार वर्षाला ०.१३७ कोटी, म्हणजे सुमारे १३.७ लाख येतो, आणि १९५१ पाशी रेषा २.६४ कोटींवर असते. स्वतः काढलेले उत्तर आणि आलेखावरची रेषा जुळली, की पुढे जावे.

रूप ठरवणे

ठिपके ही मोजलेली माहिती आहे आणि रेषा हे आपले अनुमान आहे. पाहणाऱ्याची नजर आधी ठिपक्यांवर जावी अशी मांडणी असणे मला आवश्यक वाटते. म्हणून ठिपके गडद आणि ठसठशीत ठेवावेत आणि रेषा फिकी. 'कलर' पर्यायाने रेषेला ठिपक्यांपेक्षा वेगळा रंग द्यावा, 'लाइनविड्थ' मूळ किमतीवर म्हणजे २ वरच ठेवावी आणि 'ओपॅसिटी', जी मुळात १ असते, ती ०.५ च्या आसपास आणावी. आलेख कृष्णधवल छापला जाणार असेल तर रंगातला फरक निरुपयोगी ठरतो. तिथे फिकेपणाच कामी येतो.

इथे एक खाचखळगा आहे. गूगल चार्ट्समधील कल-रेषा प्रत्यक्षात पुष्कळ बारीक ठिपके एकापुढे एक उमटवून तयार होते. संपूर्ण आलेखासाठी 'पॉइंटसाइझ' वाढवून ८ केली, की रेषेतले हे बारीक ठिपकेही तितकेच मोठे होतात आणि रेषा दोरखंडासारखी जाड दिसू लागते. पुष्कळ जण मग लाइनविड्थ कमी करत बसतात आणि काहीच फरक पडत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रेंडलाइनच्या कंसात 'पॉइंटसाइझ' वेगळी, १ एवढी, लिहावी.

आलेखाच्या सूचीत, म्हणजे रंग आणि नावे सांगणाऱ्या 'लेजेंड'मध्ये, रेषा मुळात दिसत नाही. 'व्हिजिबल-इन-लेजेंड' खरे केल्यावर ती दिसते, आणि नाव दिलेले नसेल तर तिथे समीकरण छापले जाते. सर्वसामान्य वाचकासाठीच्या पानावर समीकरणाऐवजी 'लेबल-इन-लेजेंड'मध्ये 'सरळ कल, १९५१ ते २०११' असे स्पष्ट नाव द्यावे. रेषा कोणत्या कालखंडावरून काढली हे नावातच असले, की आलेखाचे चित्र कोणी उचलून दुसरीकडे लावले तरी ती माहिती त्याच्यासोबत जाते. समीकरण ज्याला हवे असेल त्याला रेषेवर माउस नेल्यावर ते मिळतेच.

समीकरण आणि दशांशांचा धोका

आता '१९५१ पासूनची वर्षे' घेण्याचे कारण. वर्षे जशीच्या तशी घेतली असती तर सरळ रेषेचे समीकरण असे आले असते: लोकसंख्या बरोबर ०.१३७ गुणिले वर्ष, वजा २६५.१३५. सन शून्यमध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या उणे २६५ कोटी, असा त्या दुसऱ्या संख्येचा अर्थ होतो, म्हणजेच तिला काही अर्थ नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, कोणी हे तीन दशांशांवर आटोपलेले समीकरण उतरवून घेतले आणि २०११ साठी वापरले, तर उत्तर १०.३७ कोटी येते, तर रेषा स्वतः त्या वर्षी १०.८७ कोटींवर आहे. खरा उतार ०.१३७२५ होता, शेवटचे दोन अंक गाळले गेले, आणि दोन हजारांनी गुणल्यावर त्या गाळलेल्या भागाचे पन्नास लाख माणसांत रूपांतर झाले.

शून्यापासून मोजलेल्या वर्षांवर हेच गणित केल्यास समीकरण २.६४० अधिक ०.१३७ गुणिले वर्षे असे येते. त्यात ६० घातले की १०.८६ मिळतात, म्हणजे फरक दीड लाखांपर्यंत खाली येतो. शिवाय २.६४ या संख्येला आता अर्थ आहे: ती १९५१ ची रेषेवरची लोकसंख्या आहे. घातांकी रेषेच्या बाबतीत हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. मूळ वर्षांवर बसवलेल्या घातांकी समीकरणाचे अंक तीन दशांशांवर आटोपले, तर २०११ साठी ४.७३ कोटी हे उत्तर येते, जेव्हा वक्र स्वतः ११.७६ वर असतो. वाचकांना समीकरण उतरवून घ्यावे लागणार असेल, तर पुरेशा दशांशांसह ते आलेखाखाली स्वतः छापावे.

आर-वर्ग सांगतो काय, लपवतो काय

'शो-आर-टू' हा पर्याय खरा केला की समीकरणासोबत आर-वर्ग, म्हणजे निर्धारण गुणांक, दिसतो. ठिपके सरासरीपासून एकूण किती पांगले आहेत आणि त्या पांगण्याचा किती हिस्सा रेषेने टिपला, याचे हे गुणोत्तर आहे. आपल्या सरळ रेषेसाठी ते ०.९८३ येते. हा आकडा पाहून रेषा उत्तम बसली असे कोणीही म्हणेल.

आता प्रत्येक वर्षाचा खरा आकडा आणि रेषेवरचा आकडा यांतला फरक लाखांमध्ये मांडू. १९५१ मध्ये अधिक ५६, १९६१ मध्ये उणे ५, १९७१ मध्ये उणे ३४, १९८१ मध्ये उणे ४८, १९९१ मध्ये उणे २४, २००१ मध्ये अधिक १९, २०११ मध्ये अधिक ३७. दोन्ही टोकांना अधिक, मध्ये सलग उणे. रेषा योग्य प्रकारची असती, तर अधिक-उणे चिन्हे कोणताही क्रम न पाळता विखुरली असती. इथे मात्र फरकांचा स्वच्छ द्रोण तयार झाला आहे, आणि तो स्पष्ट सांगतो की वाढीचा वेग स्थिर नव्हता. सरळ रेषेला ते दाखवता येत नाही. आर-वर्गाने यातले काहीही सांगितले नाही. सतत वाढत जाणाऱ्या बहुतेक मालिकांमधून सरळ रेषा ओढली तरी हा गुणांक मोठाच येतो.

म्हणून मुख्य आलेखाखाली फरकांचा छोटा स्तंभालेख काढावा, निदान स्वतःच्या तपासणीसाठी तरी. माहिती-तक्त्यात फरकांचा वेगळा स्तंभ तयार करावा आणि तो त्याच आडव्या अक्षावर मांडावा. त्याला दहा मिनिटे लागतात. माझ्या मते आर-वर्ग दाखवण्यापेक्षा हा छोटा आलेख दाखवणे वाचकासाठी कितीतरी उपयोगाचे आहे.

घातांकी रेषा

लोकसंख्येसारखी राशी दरवर्षी ठराविक संख्येने नव्हे तर ठराविक टक्क्यांनी वाढते असे मानले, तर 'टाइप' या पर्यायात घातांकी प्रकार निवडावा. हा वक्र शून्याला किंवा ऋण किमतीला कधीच स्पर्श करत नाही, त्यामुळे नफा-तोटा किंवा शून्याखालचे तापमान अशा मालिकांसाठी तो घेऊ नये. घातांकी वक्र बसवण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. इथले आकडे लोकसंख्येचे लॉगरिदम घेऊन, त्यांवर सरळ रेषा बसवून काढले आहेत. दुसऱ्या रीतीने ते किंचित वेगळे येतील.

एकाच मालिकेवर एकच कल-रेषा काढता येते. सरळ आणि घातांकी या दोहोंची तुलना करावयाची असल्यास लोकसंख्येचा स्तंभ तक्त्यात दुसऱ्यांदा जोडावा, दोन्ही मालिकांच्या ठिपक्यांना एकच रंग द्यावा म्हणजे ते एकमेकांवर बसून एकच दिसतील, दुसऱ्या मालिकेचे नाव सूचीतून काढावे आणि ट्रेंडलाइन्सच्या कंसात शून्याला सरळ व एकला घातांकी प्रकार द्यावा.

सातही आकड्यांवर हा वक्र दशकाला सुमारे २३.९ टक्के वाढ दाखवतो. परंतु खरी परीक्षा वेगळी आहे, आणि कोणत्याही कल-रेषेसाठी ती करून पाहावी असा माझा आग्रह आहे. शेवटचा आकडा बाजूला ठेवावा, उरलेल्यांवर रेषा बसवावी आणि बाजूला ठेवलेल्या आकड्याशी ती ताडून पाहावी. तक्त्यात त्यासाठी २०११ ची किंमत पहिल्या मालिकेतून काढून तिथे नल लिहावे आणि ती एका वेगळ्या मालिकेत, वेगळ्या रंगाने, एकटीच ठेवावी.

१९५१ ते २००१ या सहा जनगणनांवर घातांकी वक्र इतका चपखल बसतो की आर-वर्ग ०.९९९ येतो, ठिपके आणि वक्र डोळ्यांनी वेगळे काढता येत नाहीत. हाच वक्र २०११ साठी १२.२४ कोटी सांगतो. जनगणनेत प्रत्यक्षात ११.२४ कोटी लोक मोजले गेले. एका दशकात पूर्ण एक कोटीची चूक, आणि तीही जवळजवळ निर्दोष दिसणाऱ्या वक्राची. कारण उघड आहे: १९९१ ते २००१ मध्ये वाढ २२.७ टक्के होती, पुढच्या दशकात ती १६ टक्क्यांवर आली, कारण जन्मदर घटत चालला होता. वक्राला जन्मदर माहीत नसतो. त्याला सहा ठिपके माहीत असतात.

बहुपदी रेषा : सर्वाधिक जपून वापरावयाचा पर्याय

टाइपमध्ये बहुपदी, म्हणजे वर्षांचा वर्ग, घन अशा घातांपासून बनलेला वक्र, निवडल्यावर 'डिग्री' म्हणजे घात ठरवावा लागतो. तो न दिल्यास लायब्ररी ३ घेते. ही मूळ किंमत पुढे २ होऊ शकते असे खुद्द गूगलच्या दस्तऐवजात म्हटलेले आहे, त्यामुळे घात नेहमी स्वतः लिहावा. अन्यथा आज काढलेला आलेख एखाद्या अद्ययावतीनंतर आपोआप बदलू शकतो.

घात २ ठेवल्यास आपल्या सात आकड्यांसाठी आर-वर्ग ०.९९८७ येतो आणि ३ ठेवल्यास ०.९९९६. घात वाढवत नेला की गुणांक वाढतच जातो, आणि सात ठिपक्यांवर घात ६ दिला की वक्र प्रत्येक ठिपक्यातून जातो व गुणांक थेट १ होतो. त्या वक्राने काहीही शिकवलेले नसते, तो आपलीच माहिती आपल्याला परत वाचून दाखवत असतो.

घात ३ चा वक्र आलेखात पाहिला तर अत्यंत सुंदर दिसतो. शेवटच्या दशकातला मंदावलेला वेगही तो टिपतो. आता तोच वक्र मागे न्यावा. १९२१ साठी तो ४.२९ कोटी लोकसंख्या सांगतो, म्हणजे १९५१ पेक्षा एक कोटीहून अधिक. १९२१ च्या जनगणनेतला आकडा २.०८ कोटी होता, आणि तो १९११ च्या २.१५ कोटींपेक्षाही कमी होता, कारण मधल्या काळात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. बहुपदी वक्र आपल्या ठिपक्यांच्या बाहेर पडताच वर किंवा खाली वेगाने निघून जातो, हा त्याचा स्वभाव आहे. चढउतारांचा गुळगुळीत सारांश दाखवण्यापुरता, मोजलेल्या कालखंडाच्या आत, तो वापरावा. सातच ठिपके असतील तर घात २ च्या पुढे जाऊ नये, अशी माझी शिफारस आहे.

पुढचा अंदाज दाखवावयाचा असल्यास

मोजलेल्या कालखंडापलीकडची रेषा कल-रेषेच्या रूपात दाखवूच नये. ती दाखवणे आवश्यक असेल, तर पुढच्या किमती स्वतः काढून तक्त्यात वेगळ्या मालिकेत भराव्यात, ती मालिका रेषा-आलेखात 'लाइन-डॅश-स्टाइल' या पर्यायाने तुटक काढावी आणि सूचीत तिला 'अंदाज' असेच नाव द्यावे. शिवाय एकच अंदाज देण्याऐवजी निरनिराळ्या प्रकारांची उत्तरे शेजारी ठेवावीत. २०२१ साठी सरळ रेषा १२.२५ कोटी सांगते, घात ३ चा वक्र १२.८९, घात २ चा १३.४३ आणि घातांकी वक्र १४.५८. या सर्व रेषा मोजलेल्या साठ वर्षांत ठिपक्यांना धरून चालल्या होत्या, आणि एका दशकात त्यांच्यात २ कोटी ३३ लाखांचे अंतर पडले. हे अंतर वाचकाला दिसले पाहिजे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ असा जाहीर झालेला आहे. महाराष्ट्राचा तो आकडा हाती आला की तक्त्यात आठवी ओळ जोडावी, आणि तिच्या पहिल्या स्तंभात ७० किंवा ८० न लिहिता ७६ लिहावे. अक्ष अंकाच्या प्रकाराचा असल्यामुळे हा ठिपका आपोआप सोळा वर्षांच्या अंतरावर बसेल आणि रेषाही त्या अंतराचा हिशेब धरून काढली जाईल. टिक्सच्या यादीत ७६ पाशी '२०२७' ही खूण तेवढी घालावी, आणि सूचीतल्या नावातले 'ते २०११' बदलावे.